कानतुटका कप

पेडगाव,
ता. ३० नोव्हेंबर १९९३

चि. चंद्रभान यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रात गुडघ्याच्या दोन ओळी आन कबड्डीच्या वीस. गुडघ्याची खरी खबर मला तुझ्या आत्याच्या पत्रातून कळाली. कस्तुराबाई माझी लेक हाय, ती तुझ्यावानी उरकत न्हाई. संक्रांतीपतुर प्लास्टर निघणार न्हाई म्हणती. मग पुण्यात गुमान पडून राहा. आत्याच्या घरी खायला मिळतं, आन तिथं तुला पळायला कुणी बोलवत न्हाई.

आता तुझ्या जिवाची गोष्ट. रविवारी गंगाखेडवाल्यायला आपल्या पोरायनं नऊ गुणांनी पाडलं. तुझ्या जागी शिवरुद्र कप्तान झालाय. मोठ्यानं वरडलं की कप्तानी झाली असं त्याला वाटतं. पकडीला उभा राह्यला की दावणीच्या म्हशीवानी. समोरचा गडी शिवून परत जातो, मग हा मान हलवतो. खेळला त्यो बन्सीधर. एकट्यानं बारा गुण आणले. तिघं पायाला लोंबकळले होते तरी त्यायला ओढत रेषेपतुर आला. मी बायायच्या बाजूला बसले होते, घसा बसला माझा.

सामना झाल्यावर शिरस्त्याप्रमाणं सगळी टोळी आपल्या घरी चहाला. तुझी माय मनकर्णा पातेलं चढवू चढवू बेजार. पोरं वट्ट्यावर बसली, बन्सीधर खाली पायरीपाशी, त्याचा कप त्याला दिला. दत्तराव बी आले होते. मंडळाचे अध्यक्ष म्हणून ते चहाला येतेत, मैदानात त्यायला ऊन लागतं.

अजून तीन सामने राह्यले, पालम, पूर्णा आन शेवटी ताडकळस. ताडकळसवाले आपल्यापेक्षा एका सामन्यानं पुढं हायेत. विभाग जिंकला तर ढाल गावात आन संघ औरंगाबादला, असं शिवरुद्र दिवसातून चारदा सांगतो, जसं मला ठाऊकच न्हाई.

बाजारात विद्यापीठाच्या नावावरून पुन्हा कुजबुज चाललीय. पंधरा वर्सांखालची जाळपोळ ज्यायला आठवती ते दिवेलागणीलाच दारं लावायलेत. तू तिथं कुणासंगं वाद घालू नको.

लोभ हाय तेवढाच राहू दे, जास्त झाला की दुधावानी उतू जातो.

तुझी आजी,
धुरपताबाई

&nbsp;

हडपसर, पुणे,
ता. ५ डिसेंबर १९९३

ती. आजीस चंद्रभानचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आत्याने मोठ्याने वाचलं. शिवरुद्रच्या म्हशीपाशी आली आणि हसून तिला ठसका लागला. मी तेच पत्र नंतर तीनदा वाचलं. इथे खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते, दुसरं काही नाही. त्या भिंतीवर मी मनातल्या मनात मैदान आखतो.

शिवरुद्रला माझा निरोप दे. त्याने कोपरा सोडून मध्ये उभं राहावं आणि बन्सीधरला पहिल्या पाच मिनिटांत दमवू नये. बन्सीधर आणि मी नववीपासून पकडीच्या साखळीत हात धरून उभे राहिलो आहोत. त्याच्या हाताचा दाब बदलला की समोरचा कुठून शिरणार ते मला न बघता कळायचं. तो आहे तोवर मला धास्ती नाही.

एक गोष्ट आईला सांगू नकोस. डॉक्टर म्हणाले, हा गुडघा शेतात चालेल, मैदानात आता कधीच नाही. म्हणजे बन्सीधरने आणि मी दारोदार पोरं गोळा करून उभा केलेला संघ माझ्यापुरता यंदाच संपतो. म्हणून मला ही ढाल पाहिजे आजी. तुझ्याशी कशाला खोटं बोलू.

तब्येतीला जप. सामन्याला जाताना डोक्यावर पदर नीट घे, ऊन लागेल. वडीलकीची माया अशीच राहू दे ही विनंती.

तुझा,
चंद्रभान

&nbsp;

पेडगाव,
ता. १४ डिसेंबर १९९३

चि. चंद्रभान यास आशीर्वाद. वि. वि.

गुडघ्याचं वाचलं. तुझ्या मायला सांगितलं न्हाई. मला बी सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं.

पालमला जाऊन जिंकून आलो. बन्सीधरनं शेवटच्या चढाईत दोघं बाद केले. तिकडं ताडकळसवाले हरले, म्हणजे आता बरोबरी. पोरं एस.टी.च्या टपावर नाचत आली, कंडक्टरनं दोनदा गाडी थांबवून शिव्या दिल्या.

बन्सीधर दोन दिस झाले सरावाला आला न्हाई. अंगात कसर असंल. येईल.

हात दुखायलाय, जास्त लिहीत न्हाई. आशीर्वाद हायेतच.

आजी

&nbsp;

हडपसर, पुणे,
ता. २० डिसेंबर १९९३

ती. आजीस चंद्रभानचा नमस्कार. वि. वि.

तुझा हात कधी दुखत नाही. तू दोन पानांच्या खाली कधी थांबत नाहीस. तेव्हाच मला शंका आली होती, आणि परवा शिवरुद्रचं पत्र आलं.

तो लिहितो की पालमहून आल्यावर आपल्या वट्ट्यावर सगळे नाचत होते. त्याने आईच्या हातातून ताट घेतलं आणि हाताला येईल तो ग्लास ज्याला त्याला दिला. बन्सीधरला आपला घरातला स्टीलचा ग्लास गेला. दत्तरावांनी तुझ्याकडे नुसतं बघितलं. तू उठलीस, बन्सीधरच्या हातातून अर्धा प्यालेला ग्लास घेतलास आणि सगळ्या संघासमोर आईला म्हणालीस की हा चुलीत धर आणि गोठ्यातल्या कोनाड्यातला त्याचा कप आण. कप येईपर्यंत तो थांबला नाही.

आजी, तुला रागावण्याचा माझा अधिकार किती, ते मी दोन दिवस मोजतो आहे. तो कानतुटका कप मी लहानपणापासून पाहतो. कोनाड्यातून काढून कितीदा तरी मीच त्याच्या हातात दिला. मैदानात त्याचा हात धरून उभा राहायचो आणि घरी आल्यावर त्याला पायरीशी बसवून वर जायचो. कधी चुकल्यासारखं वाटलं नाही. तू ग्लास काढून घेतलास, पण तो त्याच्या हातात टिकणार नाही अशी सोय मीही केलीच होती.

तरी त्याच्या घरी जा. माझं पत्र त्याला पुरणार नाही. तू जा.

शिवरुद्र म्हणतो, पूर्णेच्या सामन्याला बन्सीधर येणार नाही.

रागावलीस तरी उत्तर पाठव, एवढी माया ठेव.

चंद्रभान

&nbsp;

पेडगाव,
ता. २९ डिसेंबर १९९३

चि. चंद्रभान यास आशीर्वाद. वि. वि.

आजीला शिकवायला पुण्यालाच जावं लागतं वाटतं. मी काय नवीन केलं? माझ्या सासूनं केलं, तिच्या सासूनं केलं. गावातल्या कुठल्या घरात तसा कप न्हाई ते दाखव. हे मी दोन दिस मनात घोळवलं आन मग लिहायला बसले. लिहायला बसले तिथंच गाडी अडली.

तुला ठाऊक हाय, मला अक्षर येत नव्हतं. दोन वर्सांखाली साक्षरतेचे वर्ग निघाले. बाकीचे मास्तर सही शिकवून पळाले. बन्सीधर मातर चार म्हैने रोज संध्याकाळी आला. मी वट्ट्यावर पाटी घेऊन, त्यो खाली पायरीवर. खालून मान वर करकरून त्यानं मला बाराखडी शिकवली. माझा हात धरायला नगं म्हणून हवेत बोट फिरवून दाखवायचा. मी त्याला चहा द्यायचे, त्याच कपात. तुला हे जे पत्र यायलंय त्यातलं एकेक अक्षर त्यानं दिलेलं हाय. ग्लास चुलीत धरला, पण अक्षरं कुठल्या चुलीत धरू?

म्हणून गेले. पूर्णेचा सामना हरल्यावर, सोमवारी. भीमनगरात मी लगीन होऊन आल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. सगळ्या गल्लीनं दारात येऊन बघितलं. बन्सीधरची माय कमलबाई हिनं घोंगडी टाकली आन तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. मी तांब्याकडं बघितलं. चंद्रभान, मी उन्हातून चालत गेले होते, जीभ टाळूला चिकटली होती. तरी माझा हात उठला न्हाई. तहान न्हाई म्हणाले.

बन्सीधर खाटेवर बसून वहीला पुठ्ठा घालत होता. त्यानं वर न बघता सांगितलं की आजी, तहान लागली की या.

तशीच परत आले. इथं वेशीत दत्तराव उभे. म्हणाले, धुरपताबाई, म्हातारपणी बाटायला निघालात का, दिवस कसले हायेत ते तरी बघा. मी म्हणाले, सात सात पोरं त्याच्या अंगावर पडून त्याला दाबतेत तवा कोण घरी जाऊन न्हातो? पण तुमाला कसं दिसणार, तुमी मैदानात येतच न्हाई. तोंड माझं चालतं रे. हात चालला न्हाई.

पूर्णेशी सहा गुणांनी हरलो. ताडकळसवाले बी हरले, म्हणजे अजून बरोबरीच. नऊ तारखेला ताडकळसात दोघांचा सामना, जिंकंल त्याचा विभाग. बन्सीधर न्हाई तर आपलं काई खरं न्हाई.

तुझा लोभ कमी झाला असंल तर तसं लिही, मला गोड बोललेलं पचत न्हाई.

आजी

&nbsp;

हडपसर, पुणे,
ता. ४ जानेवारी १९९४

ती. आजीस चंद्रभानचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आत्याला वाचू दिलं नाही. माझ्या उशीखाली आहे.

मी येतो म्हणालो तर डॉक्टरांनी हात जोडले. म्हणून पुन्हा तुलाच सांगतो. नऊ तारखेच्या आधी एकदा जा. पाणी पी. बन्सीधरला म्हणावं, चंद्रभानचा हा शेवटचा सामना आहे, आणि तोही त्याला भिंतीकडे बघत खेळायचा आहे.

लोभ कमी झालेला नाही, तुझ्या पोटाला सोसेल एवढाच आहे.

चंद्रभान

&nbsp;

पेडगाव,
ता. १७ जानेवारी १९९४

चि. चंद्रभान यास आशीर्वाद. वि. वि.

हरल्याची तार शिवरुद्रनं केलीच हाय. तीन गुणांनी. ढाल ताडकळसवाल्यायनं बैलगाडीत मिरवली. शिवरुद्र त्या दिशी म्हशीवानी खेळला न्हाई, हे मी माझ्या तोंडानं सांगते. दोन पकडी अशा केल्या की तू असतास तर त्याच्या पाठीवर थाप मारली असतीस. शेवटच्या चढाईला आपल्याकडं जाणाराच कुणी नव्हता. मागून एक म्हातारा म्हणाला, पेडगावचा त्यो उंच पोरगा कुठं हाय. मी मान खाली घातली.

आता जे तार सांगत न्हाई ते. तुझं पत्र आठ तारखेला आलं, त्याच दिशी मी गेले. कमलबाईनं तांब्या ठेवला आन मी सगळा पिले, तळ दिसेपतुर. तुझा निरोप सांगितला. बन्सीधरनं ऐकून घेतला. मग म्हणाला, चंद्रभानसाठी मला वाईट वाटतं, पण आजी, उद्या सामना नसता तर तुमी आला असता का?

खोटं बोलता आलं असतं, पण ज्यानं अक्षर शिकवलं त्याला खोटं कसं वाचून दाखवू? उठून आले. दुसऱ्या दिशी त्यो आला न्हाई, आन त्याचं बरोबर होतं. ही ढाल माझ्यामुळं गेली, तू शिवरुद्रवर राग धरू नको.

संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलल्याचं रेडिओत सांगितलं. भीमनगरात गुलाल उडाला, इकडं दत्तरावाच्या वट्ट्यावर लोक जमले, एस.टी. दोन दिस आली न्हाई. मनकर्णानं मला बाहेर पडू नको म्हणून दार अडवलं. तिळगूळ तसाच डब्यात राह्यला.

काल दुपारी मी गोठ्यात गेले, कोनाड्यातला त्यो कप काढला, पदराखाली घेतला आन निघाले. आता कुठला सामना न्हाई, कुठली ढाल न्हाई, मला त्याच्याकडून काई नगं होतं. वेशीत चौघंजण उभे होते. माझ्याकडं बघून थुंकले. मी बी थुंकले, माझं लांब गेलं.

बन्सीधर दारात होता. मी कप पुढं केला आन म्हणाले, मला चहा दे, ह्याच्यात दे. कमलबाई लगबगीनं म्हणाली, आत या, घोंगडी टाकते, असल्या कपात कशाला, घरात ग्लास हायेत. बन्सीधरनं तिला थांबवलं. म्हणाला, राहू दे माय, आजीला आत बसायची सवय न्हाई. त्यानं कप भरला आन मला खाली पायरीवर दिला. सगळी गल्ली बघत होती. मी पायरीवर बसले.

चंद्रभान, त्या कपाला कान न्हाई. हे मला इतक्या वर्सांत ठाऊक असून ठाऊक नव्हतं. कढत चहा भरला की त्यो धरताच येत न्हाई. ह्या हातातून त्या हातात करत, पदरानं धरत, फुंकत मी कसाबसा संपवला. दोन बोटं पोळली, म्हणून हे अक्षर असं वाकडं यायलंय. त्यो पोरगा चार म्हैने रोज माझ्या पायरीवर हा कप धरून बसायचा आन वर बघून मला क, का, कि, की म्हणून दाखवायचा. एकदा बी फुंकला न्हाई.

चहा झाल्यावर मी कप परत मागितला. त्यानं दिला न्हाई. धुतला, आन आपल्या घरातल्या कोनाड्यात ठेवला. म्हणाला, आजी, पुढच्या बारीला आलात तर तुमाला ह्याच्यातच. त्यो हसला का न्हाई ते मला सांगता येत न्हाई, उन्हाकडं तोंड होतं माझं.

पुढल्या वर्सी खेळशील का म्हणून मी इचारलं न्हाई. तू आल्यावर तू जा, पण खेळाचं बोलू नको. आधी बघ तुला कशात चहा मिळतो.

आपल्या गोठ्यातला कोनाडा आता रिकामा हाय. मनकर्णा म्हणती, तिथं कंदील ठेवू. मी म्हणाले, काई ठेवू नको.

गुडघा सांभाळ. लोभ धरायला कान लागत न्हाई, पोळला तरी सोडू नको.

तुझी आजी,
धुरपताबाई