डाव्या टाकीचे रिव्हेट

काका, तुमचं इंजिन माझ्याजवळ आहे. काकूला मी सांगितलं होतं की ते तुम्ही मला देऊन टाकलं. तुम्ही दिलं नव्हतं, फक्त रंग लावायला सोपवलं होतं. ही गोष्ट तुम्हाला माहीत होती आणि मला. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, म्हणजे आता एकट्या मलाच माहीत.

मी बंगळूरला असतो. पाच वर्षं एकाच ठिकाणी टिकलो, हे ऐकून तुम्ही हसले असते. "तुह्या बुडाले चाकं लागेल हायेत बे," असं तुम्ही म्हणायचे. इथे एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आठ माणसांचा कारखाना आहे आणि आम्ही रेल्वेची लहान इंजिनं बनवतो. खेळणी नाही. तुमच्यासारखीच, खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर असं मोजून केलेली. घेणारे लोक ती हाताने बघत नाहीत, भिंगातून बघतात. काही आम्ही पितळी पत्र्यापासून करतो. काही बाहेर देशाची तयार इंजिनं येतात, त्यांचं धुराडं कापायचं, केबिन बदलायची, दिवा वर सरकवायचा आणि आपल्याकडचं इंजिन करायचं. मी रंगात आहे. सकाळी साडेनऊला स्प्रे गन धुतो आणि संध्याकाळपर्यंत तोंडाला मास्क लावून बसतो. लोक म्हणतात याचा हात चांगला. हात चांगला म्हटलं की मला नांदुऱ्याचं कूलरचं दुकान आठवते आणि मग तुम्ही आठवता, आणि मग मी विषय बदलतो.

नांदुऱ्यात मी कूलरच्या पत्र्याला रंग मारायचो. दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, मग घरच्यांनी दुकानात लावून दिलं. मार्च महिना असेल, तुम्ही तुमचा जुना कूलर हातगाडीवर टाकून आणला. बाकीची माणसं कूलर ठेवून चहाला जातात, तुम्ही तिथंच उभे राहिले, डोळ्यांवर हाताची सावली धरून. तिन्ही बाजू रंगवून होऊस्तोवर माझा हात पाहत राहिले. मग म्हणाले, "काऊन बे, तुह्या हातच्या रंगाचा ओघळ नाही येत?"

मी म्हणलं, "हात थांबला का ओघळ येते. मी थांबतच नाही."

"कुठीच थांबत नाही वाटते तू," तुम्ही म्हणाले. दुकानातले सगळे हसले, कारण मी वर्षभरात तिसऱ्यांदा तिथं कामाला लागलो होतो.

कूलर पोहोचवायला तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही मला आत नेलं. स्वयंपाकघराला लागून जी खोली होती, तिथं टेबलावर ओल्या फडक्याखाली ते झाकलेलं होतं. तुम्ही फडकं उचललं. वीतभरापेक्षा लहान, सगळं पितळेचं, रंग नाही काही नाही. खामगाव-जलंबच्या फाट्यावर तुम्ही तरुणपणी ज्या इंजिनावर फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकायचे, ते. बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या. नोकरीत असताना तुम्ही ते दोरीने आणि पट्टीने मोजून वहीत उतरवलं होतं आणि रिटायर झाल्यावर सहा वर्षं बसून केलं. चाकांमधलं अंतर बावीस मिलिमीटर. मी बोटाने चाक फिरवलं तर सगळे दांडे मिळून फिरले, आवाज नाही. उजव्या टाकीवर रिव्हेटच्या, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांच्या गोल डोक्यांच्या, तीन ओळी होत्या, खसखशीसारख्या. मी मोजले, एकशे अठरा. प्रत्येक रिव्हेट तुम्ही पत्र्याच्या मागून सुईने ठोका देऊन उठवला होता, टाकी जोडायच्या आधी. डावी टाकी सपाट होती. एकही रिव्हेट नाही. ते मी पाहिलं आणि विचारलं नाही.

तो पूर्ण उन्हाळा मी दुकान सुटलं की तुमच्याकडे. पितळेला रंग धरायचा तर आधी त्याचं तेल काढावं लागते, म्हणून काकू पितळेची भांडी घासायच्या त्याच परातीत, चिंचेच्या पाण्यात, तुम्ही इंजिन ठेवायचे. एका बाजूला काकूंचं ताम्हण आणि घंटी, मधात इंजिन. काकू म्हणायच्या, "देवाच्या जोडीनं आंघोळ घालून राह्यले ह्या कोयशाच्या गाडीले." तुम्ही म्हणायचे, "देवानं कधी जलंबची चढण चढेल हाय काय?" त्या हसायच्या आणि अजून चिंच द्यायच्या.

एक दिवस मी धुतलेलं इंजिन उघड्या हाताने उचललं. तुम्ही ओरडले नाही. इंजिन माझ्या हातातून घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि दाखवलं. केबिनच्या छतावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, अस्सल, पाटलाकडे कागदावर देतात तसा. "हे आता रंगाखाली कायमचं राहीन," तुम्ही म्हणाले. "वरून दिसणार नाही. पण रंग इथूनच सुटंन. धू पुन्हा." मी पुन्हा धुतलं. मला राग आला होता. आज इथे नवीन मुलांना मी हेच सांगतो, याच शब्दात, पण कोणाचे शब्द आहेत ते सांगत नाही.

काळा रंगही तुम्हीच शिकवला. मी डब्यातला काळा सरळ एका पत्र्याच्या तुकड्यावर मारला तर तुम्ही म्हणाले, "हे इंजिन नोय, बूट हाय. मोठ्या इंजिनाले पुरा काळा चालते. लहान्याले त्याच्यात राखेचा रंग टाका लागते, नाहीतर त्याच्या अंगावरचं काहीच दिसत नाही." मग कूलरच्या झाकणांवर मी महिनाभर राखेतले काळे लावून पाहिले. एक तुम्हाला पटला. तुम्ही ते झाकण उजेडात धरलं आणि म्हणाले, "रंग तूच दे याले. माह्या डोयाले आता एका रेघेच्या दोन दिसतात." तुमचं बारीक हातड्रिल, चिमटीत फिरवायचं, तेही तुम्ही मला दिलं. ते मात्र खरंच दिलं होतं. "ठेव, माह्या बोटात आता दम नाही."

त्याच महिन्यात मला सुरतेहून बोलावणं आलं, पावडर कोटिंगचं काम. मी इंजिन खोक्यात भरून सोबत घेतलं. तुम्हाला म्हणलं, आठ-पंधरा दिवसात रंगवून आणतो. तुम्ही म्हणाले, "घाई नको करू." पंधरा दिवसांनी फोन आला तो तुमचा नव्हता.

मी तेरवीला आलो. इंजिन आणलं नाही, ते अजून कोरंच होतं. काकू स्वयंपाकघरात चुलीपाशी नाही, दारात बसल्या होत्या, कारण बायका त्यांना काम करू देत नव्हत्या. मला पाहून म्हणाल्या, "ते इंजन कुठी हाय रे बाप्पा? मले त इथं काही दिसलं नाही." मी म्हणलं, काकांनी मला दिलं. असं म्हणायचं ठरवून आलो नव्हतो. तोंडातून निघालं. काकू म्हणाल्या, "देल्लं असंन त राहू दे. मले काय करायचं पितळेचं. रंग झाला का एक डाव पाह्यले घेऊन ये फक्त." मी हो म्हणलो. पंगत बसत होती, मी जेवलो आणि निघालो.

रंग त्याच वर्षी झाला. चांगला झाला काका, ते मी खोटं बोलत नाही. पण नांदुऱ्याला गेलो नाही. सुरतेहून वापी, वापीहून पुणे, पुण्याहून एका हॉटेलात, मग पुन्हा पत्रा. दर खोलीत ते खोकं बाजेखाली. काकूंचा दिवाळीला फोन यायचा. त्या तब्येत विचारायच्या, जेवणाचं विचारायच्या आणि शेवटी विचारायच्या, "झाला का रंग?" मी म्हणायचो, चालू आहे. दोन-तीन दिवाळ्या त्यांनी विचारलं, मग विचारणं सोडलं.

मग कोणीतरी या कारखान्याचं सांगितलं आणि मी खोकं घेऊन इथे आलो. शिक्षण काय, तर सांगायसारखं नाही. म्हणून खोकं उघडून टेबलावर ठेवलं. कारखान्याच्या साहेबांनी ते हातात घेतलं. भिंग घेतलं, खाली धरून चाकं पाहिली, दांडे पाहिले. मग विचारलं, "किसने बनाया?"

"मैंने," मी म्हणलं.

साहेबांनी ते उलटं करून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, आणि तिथं थांबले. इकडे रिव्हेट नाहीत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणलं, राहून गेले. मला वाटलं तुमची नजर गेली होती आणि ती बाजू तुमच्याकडून तशीच राहिली. साहेब म्हणाले, एवढं काम केलं आणि अर्धं सोडलं? पूर्ण कर, मग कामावर ये.

टाकी जोडल्यावर मागून ठोका देता येत नाही. छिद्र पाडून तार बसवावी लागते. मी चार दिवस बसलो. तुमच्याच हातड्रिलने तुमच्या डाव्या टाकीला एकशे अठरा छिद्रं पाडली, प्रत्येकात केसाएवढी पितळी तार घातली, कथलाचा डाग दिला, डोकी घासून सारखी केली आणि वरून रंग मारला. साहेब खूश झाले. इंजिन ऑफिसातल्या काचेच्या कपाटात गेलं आणि पुढे पांढऱ्या कार्डावर माझं नाव आलं. जे गिऱ्हाईक येते त्याला साहेब आधी तेच दाखवतात. मी त्या कपाटासमोरून पाण्याला जातो, रोज सहा-सात वेळा.

मागच्या सोमवारी रेल्वेतून रिटायर झालेले एक म्हातारे गृहस्थ आले, मराठी बोलणारे. त्यांना भुसावळकडची इंजिनं हवी होती. कपाटापाशी उभे राहिले आणि इंजिनावरचा नंबर वाचून म्हणाले, "हे तर जलंबचं." पिशवीतून त्यांनी जुने फोटो काढले. त्यात ते होतं, डावीकडून काढलेलं. टाकीचा पत्रा सपाट. मधात वेल्डिंगची एक जाडी रेघ आणि रिव्हेट एकही नाही. ते म्हणाले, "ही बाजू एकदा फाटली होती, शेडमध्ये नवीन पत्रा बसवला. तुम्हाला कसं माहीत असणार म्हणा. बाकी सगळं इतकं बरोबर आहे, एवढंच चुकलं." साहेब म्हणाले, काही नाही, यानेच बनवलं आहे, हाच दुरुस्त करेल. मी मान हलवली.

आठ दिवस मी तेच करतो आहे. रंग उतरवला. रंगाखाली तुमची वेल्डिंगची रेघ होती काका, कथलाची, एवढीशी, फोटोत आहे तिथंच; मी तिला जोडकामात सांडलेलं कथील समजलो होतो. मी माझ्या रिव्हेटची मधली ओळ तिच्यावरूनच नेली होती. एक एक डोकं घासलं, बारीक पॉलिश पेपर फिरवला, रेघ पुन्हा टाकली. हाताला सपाट लागते. पण उजेड आडवा धरला की एकशे अठरा बारीक गोल दिसतात, देवीच्या व्रणांसारखे. पितळ तुमचं आणि तार माझी, ते वेगळे दिसतातच. राखेतला काळा लावला की झाकतील. तुम्ही म्हणाले होते, वरून दिसणार नाही.

आता एक गोष्ट. वर लिहिलं की मला वाटलं तुमची नजर गेली होती. ते खरं नाही.

सुरतेला जायच्या आधीच्या रविवारी तुम्ही इंजिन हातात घेऊन बसले होते. मी शेगावला निघालो होतो, गल्लीच्या तोंडाशी मित्र गाडीचा हॉर्न वाजवून राहिला होता. मी दारात बूट घालत होतो. तुम्ही म्हणाले, "ही डावी बाजू काऊन कोरी ठेवली, तू इचारलंच नाही. ह्या टाकीले माह्याच चुकीनं मार लागला होता. चाळीस वर्षं कोणाले सांगतलं नाही. बस, ऐकून घे." मी म्हणलं, "आल्यावर सांगा न काका." तुम्ही इंजिनावर फडकं टाकलं आणि म्हणाले, "जाय."

आल्यावर मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. काय चूक होती, इंजिन कुठे घासलं, कोणाला लागलं का, मला माहीत नाही. पण ती बाजू चुकून राहिली नव्हती, एवढं माहीत होतं. साहेबांनी बोट ठेवलं तेव्हा तुमचा शब्द न् शब्द मला आठवला होता. तो सांगितला असता तर इंजिन कोणी बनवलं तेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी राहून गेले म्हणलं, आणि तुमची चूक, जी तुम्ही एवढी मेहनत करून पितळेत ठेवली होती, ती खोडून माझं नाव लावलं.

साहेबांना अजून सांगितलं नाही. पुन्हा रंग द्यायचा असं त्यांना सांगून इंजिन खोलीवर आणलं आहे, तेही अर्धंच खरं. गुरुवारचं नांदुऱ्याचं तिकीट काढलं. काकूला फोन केला, म्हणलं इंजिन घेऊन येतो. त्या म्हणाल्या, "झाला का रंग?" जसं काही काल विचारलं होतं.

हा कागद त्याच खोक्यात, फोमच्या खाली ठेवायचा असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण काकू खोकं उघडतील, आणि त्यांना वाचता येते. तेव्हा तो माझ्या बॅगेतच राहू देतो.