मेलेल्यांचा रेडिओ

दौलताबाद,
१२ डिसेंबर १९५७

चि. चतुरास बापाचा आशीर्वाद.

मी इथं बरा आहे, गुडघे सोडले तर. पिशोरकडं औंदा ज्वारी कशी आहे? विहिरीला पाणी आहे का? तुझं लग्न झालं असंल तर जावयांना रामराम सांग. पत्र जुन्याच घरी टाकतोय, कुणीतरी तुला पोचतं करील.

दहा वर्षांनी माझं पत्र बघून कपाळाला आठी पडली असंल. धंदा माझा तोच, लोकांना फसवायचा. पण आता पळता येत नाही, म्हणून असा धंदा काढला की गिऱ्हाईक रडत बसावं आणि आपल्याला पळावं लागू नये. शहागंजातून भंगार रेडिओ आणला, मोटारीची बॅटरी जोडली, वजन यावं म्हणून आत एक काळा धोंडा ठेवला. आभाळातून पडलेला म्हणून एका गुराख्यानं दिला होता. या पेटीतून मेलेल्या माणसाचा आवाज ऐकवतो, असं बाजारात सांगायचो. माझा सोबती कडूबा पडद्याआडून नळीत बोलायचा. त्याला एकच म्हातारा आवाज जमायचा, तोही खोकल्यासकट. त्यामुळं सगळ्यांचेच बाप-चुलते खोकायचे. लोक डोळे पुसत म्हणायचे, "अगदी असंच खोकायचे हो!"

मागच्या महिन्यात चितेगावचे तात्यासाहेब आले. वडिलांनी दागिन्यांचा हंडा कुठं पुरला, ते त्यांना विचारायचं होतं. मी नाव पुकारलं. पेटीतून खणखणीत आवाज आला, "हंडा कसला रे? सगळं जुगारात हारलो. तुम्ही म्हातारपणी नीट जेवू घालावं म्हणून थाप मारली."

खोकला नव्हता.

तात्यासाहेबांनी मला छत्रीनं झोडपलं. ते गेल्यावर कडूबावर ओरडायला पडदा सारला, तर तो रस्त्यापलीकडून भजी घेऊन येत होता. "माझ्यावर कशाला कावता? मी इथं नव्हतोच," म्हणाला. मग त्याला उमगलं आणि तो नाचायलाच लागला. "हैदराबादला जाऊ! नवाब लोक रांग लावतील!"

चतुरा, उभ्या जन्मात पहिल्यांदा खरा माल हाती आला होता. मी म्हटलं, आधी पारख करू. जित्या माणसाला हाक मारू. आवाज आला नाही, म्हणजे यंत्र सच्चं.

मी तुझ्या आईला हाक मारली.

ती बोलली.

"तुम्ही व्हय? आठ दिसांत येतो म्हनला व्हता."

मी पेटीवर वाकून विचारलं, "द्वारके, तू कवा गेलीस?"

"सहा वर्सं झाली. पोरीनं लई केलं. शेवटाला मी दाराकडं बघत व्हते. तुमच्यासाठी नाय. गाय घरी आली का, ते बघत व्हते."

मग नुसती खरखर.

कामाला जातो म्हणालो होतो, ते खोटं. रझाकारांची धामधूम चालली होती आणि मी भ्यालो होतो. तुम्हा दोघींना तिथं ठेवून मी जीव वाचवला. पोलिस ॲक्शन झाल्यावर परतायचं होतं, पण कोणत्या तोंडानं येणार?

मग तुला हाक मारली. बराच वेळ कान लावून बसलो. आवाज नाही. मी कडूबाच्या गळ्यात पडून रडलो, माझी पोर हयात आहे!

दुसऱ्या दिवशी आईला पुन्हा हाक मारली. माफी मागायची होती. ती बोलली नाही. आठवडाभर हाका मारल्या. रागावली की ती अशीच गप बसायची, आणि तू तिचीच लेक. म्हणजे तुझ्या गप बसण्यावरून मला काहीच कळत नाही गं.

पेटी गडाच्या खंदकात टाकून दिली. कडूबा हळहळला, पण दुसऱ्या बाजूनं हात त्यानंच लावला.

कोऱ्या कार्डावर नुसता अंगठा उमटवून टाक. शिव्या द्यायच्या असल्या तर कुणाकडून लिहून घे, मी त्या पुनःपुन्हा वाचीन. स्वतः पिशोरला येऊन, वेशीवर उभं राहून, 'चतुरा आहे का' असं विचारायला छाती लागते. ती माझ्याकडं तेव्हाही नव्हती.

पळून गेलेला, पण तुझाच बाप,
रामकिसन