नणंदेची लाडकी मोलकरीण

२४ डिसेंबर, राजापेठ

उद्या नाताळ. सकाळपासून करंज्या मी एकटीच तळून राहिली. नणंद शीला दिवाणावर पडून कादंबरी वाचते. जुन्या काळी मिशनच्या बंगल्यात राबणाऱ्या अनाथ मोलकरणीची गोष्ट. पानापानाला हिचे डोळे पाझरतात.

"वहिनी, बिचारीच्या हाताले फोड आले व!"

माझ्याही बोटाले तेलाचा चटका बसून फोड आला. तो नाही दिसला हिला? की फोड पुस्तकातलाच लागतो?

ती आंघोळीला गेली तशी मी कादंबरीचं शेवटचं पान वाचलं. मुद्दाम, तिची मजा घालवायला. बाहेर येताच सांगून टाकलं, "शेवटी बंगल्यातले सगळे त्या मोलकरणीची माफी मागतात."

शीला हमसून हमसून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "किती प्रेमळ लोकं व, वहिनी! चार करंज्या आण नं, गरम पाहून."