शेवंताबाईचं कुलूप

मंगळवार, संध्याकाळ

आज मानोऱ्याजवळच्या तांड्यावर घरकुलाची पाहणी. नव्या घराला जागा मोकळी हवी म्हणून शेवंताबाईनं झोपडी आधीच पाडलेली. उरलं फक्त दार, कडुनिंबाला टेकवलेलं, कुलूप लावलेलं. ग्रामसेवकाला मात्र जुन्या कच्च्या घराचा फोटो हवा होता.

"घरच नाही, तर घरकुल कायले पाह्यजे, बाई?" सगळे हसले. मीही.

"पेपरात आलं होतं ना साहेब, जागा मोकळी करा म्हणून. पोरीनं वाचून दाखवलं मले."

त्यानं यादीतलं नाव खोडलं. तिनं कुलूप ओढून पाहिलं, नीट लागलंय ना.

ती बातमी माझी. पानावरच्या जागेत बसेना म्हणून 'मंजुरी मिळाल्यावर' एवढं मीच कापलं होतं. खुलासा द्यावा का? आज तरी 'घरकुल पाहणी शांततेत' एवढंच पाठवलं. वेळेत.