एका चिठ्ठीत दोन रोग

४ जानेवारी, मंगळवार

आले — तज्ज्ञांची गाडी एक, तीन आठवडे उशिरा. कानाचे डॉक्टर एक, छातीचे एक, नर्स एक, फोटो काढणारे तीन! किंमत — फुकट. त्यांच्या चहाला आमची साखर पाव किलो. ती फुकट नव्हती.

भाषण पाऊण तास. "आरोग्य तुमच्या दारी!" दारी म्हणजे खाली पोस्टासमोर. गाडीला चढ चढवेना, म्हणून आजारी माणसं चढ उतरून गेली. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांनी फोटोपुरता कान तपासून घेतला. कान ठणठणीत! मग रस्त्याची तक्रार ऐकू येत नाही, तो रोग वेगळा असावा.

तपासणीची घरटी एकच चिठ्ठी. नर्स विचारते, "आजी, कुणाचं नाव घालू?" — आजी म्हणे! स्वतःचे केस बघ की बाई.

चढ चढताना माझी छाती शिट्टी वाजवते, दोन वर्षं झाली. यांचे कान बंद होऊन सहा. मी डोकं चालवलं — यांना ऐकू आलं की माझं ओरडणं वाचेल, ओरडणं वाचलं की दम वाचेल, दम वाचला की छाती आपोआप बरी. मॅट्रिकला गणितात पहिली आले होते ती काय उगीच? यांचं नाव घातलं.

५ जानेवारी

कानातलं यंत्र शेंगदाण्याएवढं, तोरा हत्तीएवढा! "भांडी आपटू नकोस." "दार करकरतंय." तीस वर्षं करकरतंय हो! शेजारीण म्हणाली, "आता जपून बोला हं वहिनी." पुटपुटण्याचा माझा सगळा धंदाच बसला.

६ जानेवारी

देवा, दिलंस ते पुष्कळ झालं. थोडं कमी करता येतं का?

८ जानेवारी

सकाळी जपाला बसले होते. हे घरभर शिट्टी शोधत फिरताहेत. कुकर उचलून पाहिला — रिकामा. नळ पिळला. खिडकी लावली. मग माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"तुझ्यातून येतेय. कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही 'हो हो' म्हणालात आणि कांदे घेऊन आलात."

हसतील वाटलं. हसले नाहीत.

"त्या गाडीत छातीचे डॉक्टर होते ना गं?"

होते. मी जप पहिल्यापासून धरला.

९ जानेवारी

यांनी त्या गाडीवाल्यांच्या ऑफिसला कार्ड लिहिलं आणि पेटीत टाकायला माझ्याच हातात दिलं. वाचलंच. माझं वय दोन वर्षांनी वाढवलंय! त्याखाली — "पत्नीची चिठ्ठी माझ्या कानावर खर्च झाली. यंत्र परत घ्यावे, माझी हरकत नाही. पण छातीचे डॉक्टर पुन्हा पाठवावेत. कधी येतील ते उलट टपाली कळवावे."