बुटकीसाठी शोधलेले रस्ते

५ नोव्हेंबर

चि. बुटकीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. "नव्या गावाला जाऊन चार महिने झाले, सायकलचे रस्ते शोधलेस की नुसती लोळतेस?" असा हुकूम वाचला आणि लगेच लिहायला बसले. फोनवर तू दोन मिनिटांत आईच्या हातात फोन देतेस आणि आई मला जेवलीस का एवढंच विचारते. त्यापेक्षा पत्र बरं.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना इतका अरुंद की सायकल खांद्यावर घेऊन चढताना पायडल भिंतीला घासतं. घरमालकीण पहिल्याच दिवशी म्हणाली, "या वयात सायकल?" मी म्हटलं, "या वयात तिसरा मजला दिलात, तो चालतो होय?" तेव्हापासून आमचं बरं जमतं. सायकल माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभी असते. सकाळी उठताना पहिला पाय तिलाच लागतो.

पहिला महिना मात्र रस्त्यांनी रडवलं. मोठ्या रस्त्यावर बसवाले अंगावर येतात. बागेत सायकलला बंदी. नदीकाठचा रस्ता इतका देखणा की अख्खं गाव तिथे फिरायला लोटतं आणि कुत्र्यांच्या लांब दोऱ्या आडव्या पसरलेल्या असतात. एकदा मी, एक आजोबा आणि त्यांचं कुत्रं असे तिघं एकाच दोरीत अडकलो. आजोबा मलाच ओरडले.

शेवटी नोकरी कामाला आली. इथल्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे नमुने गोळा करायचं काम आहे. गावभरच्या टाक्यांवर जायचं, बाटल्या भरायच्या, वेळ आणि जागा लिहून आणून द्यायच्या. त्या फेरीत गाडीच्या खिडकीतून मी रस्ते हेरून ठेवते. ड्रायव्हर म्हणतो, "बाई, तुम्ही पाणी बघायला येता की डांबर?" तर आत्तापर्यंतची माझी कमाई सांगते. मोठ्या जलवाहिनीच्या कडेने सहा किलोमीटरचा रस्ता आहे, एका बाजूला माणसाच्या उंचीचा पाइप, दुसरीकडे शेतं, आणि वाहन म्हणशील तर दिवसाला आमची एक गाडी. पहारेकऱ्याला ओळख दिली की तो साखळी खाली सोडतो. दुसरा गोदामांच्या मागचा, पण तो फक्त रविवारी, एरवी ट्रक असतात. आणि टेकडीवरच्या टाकीचा चढ. तो चढताना जीव कंठाशी येतो, पण वर गार वारा आणि बसायला एक बाक आहे.

एक गंमत सांगते. जुनी खोड अजून जात नाही. खड्डा आला की माझा डावा हात आपोआप खाली जातो आणि बोट खड्ड्याकडे दाखवतं, तू मागे असायचीस तेव्हा दाखवायचे तसं. मागे कोणी नसतं. परवा एक दूधवाला थांबला आणि म्हणाला, "बाई, काही पडलं का तुमचं?" काय सांगणार त्याला!

तीन वर्षांनी पुन्हा सायकलवर बसायचं म्हणतेस आणि फेब्रुवारीत आठ दिवस माझ्याकडे यायचं म्हणतेस, ते वाचलं. आधी मनगट डॉक्टरांना दाखव. बाकीचं पुढे बघू. आईला नमस्कार, जावईबुवांना यथायोग्य.

तुझी
ताई


२४ नोव्हेंबर

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. फेब्रुवारीचं तिकीट काढलं नसशील तर काढू नकोस. जलवाहिनीचा रस्ता खणायला घेणार आहेत म्हणतात. चढ तुला झेपणार नाही. गोदामांच्या रस्त्यावर काचा असतात. शिवाय खोली लहान, आपण दोघी मावणार नाही. फेब्रुवारीत आमच्या प्रयोगशाळेत तपासणी आहे, मला सुट्टी मिळेलसं वाटत नाही. उन्हाळ्यानंतर बघू.

आईने विचारलंय की मी चष्मा नियमित लावते का. लावते म्हणून सांग.

ताई


१२ डिसेंबर

बुटके,

आज वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत. विसरले नाही. पत्र पुरं वाचलंस की कळेल.

तुझं उत्तर काल आलं. तू ओळखलंसच. "पाच तारखेला जे रस्ते स्वर्गासारखे होते ते चोवीस तारखेला काचांनी कसे भरले?" आणि खोलीचं म्हणशील तर आपण दोघी आईच्या एका पलंगावर मोठ्या झालो, तिथे मी जागा नाही म्हणून कोणाला फसवणार? रस्ता कोणी खणत नाहीये. सुट्टीही मिळेल. माझी चोरी पकडलीस यावर मी हसून मोकळी झाले असते. पण त्याखाली तू लिहिलंयस, "रस्ता वाईट असला तरी चालेल गं. पुढे तू असलीस की मला भीती नाही. आणि या वेळी मी नीट अंतर ठेवीन, मागच्यासारखी चिकटणार नाही."

हे वाक्य वाचलं आणि काल कामावर एका नमुन्यावर चुकीच्या टाकीचं नाव घातलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आज रविवार. सायकल बाहेर काढलेली नाही. सकाळपासून लिहिते आहे आणि फाडते आहे.

तू चिकटली नव्हतीस.

तू पडलीस त्या सकाळी तू माझ्यामागे दीड-दोन सायकलींच्या अंतरावर होतीस. जेवढं हवं तेवढंच. मी वळून पाहिलं होतं म्हणून माहीत आहे. खड्डा डावीकडे होता, गटाराच्या फुटलेल्या झाकणाचा, चांगला हातभर रुंद. तो मला लांबून दिसला होता. मी स्वतः उजवीकडून गेले. हात दाखवला नाही.

का, तेही सांगते. सांगायला लाज वाटते, इतकं ते कारण लहान आहे. त्याआधी पाच मिनिटं पुलावर आपण शेजारी शेजारी चालवत होतो आणि तू अगदी सहज म्हणालीस, "आई म्हणते ती आता माझ्याकडेच राहायला येते. ताई हल्ली फार चिडचिड करते म्हणाली." तू वाईट मनाने बोलली नव्हतीस. तुला वाटलं असेल, ताईला तेवढीच उसंत. पण बाबा गेल्यापासून अकरा वर्षं मी आईचं सगळं केलं, तिची औषधं, तिचे गुडघे, तिची रात्रीची कुरकुर, आणि तिने जाऊन तुला सांगितलं. मला नाही. तुला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पूल संपला, रस्ता अरुंद झाला, मी पुढे गेले आणि तू नेहमीसारखी मागे आलीस.

खड्डा दिसला तेव्हा हात हँडलच्या मुठीवरून सुटला होता. सवयच ती. मी तो परत मुठीवर ठेवला. मनात म्हटलं, बसू दे एक हिसका. तेवढंच. तू पडशील असं वाटलं नाही. मनगटाची दोन हाडं मोडतील, तुझा कात्री धरायचा हात जाईल, असं तर मनातही नव्हतं. पण हिसका बसावा एवढं मात्र होतं. तुझी उंची अशी की माझ्या पाठीमागून तुला रस्ता दिसतच नाही, यावरून मी तुला आयुष्यभर चिडवलं. तुला दिसत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

पुढचं तुला ठाऊक आहे, पण त्यातलंही खोटं निवडून देते. दवाखान्यात मी म्हटलं, "मला खड्डा दिसलाच नाही." आई म्हणाली, मग आधी डोळे तपास. मी गेले. चष्मेवाल्याने समोर अक्षरं लावली आणि मी शेवटच्या दोन ओळी मुद्दाम चुकीच्या वाचल्या. बुटके, मला त्यातलं अक्षर न् अक्षर दिसत होतं. त्याने बिचाऱ्याने बारीकसा नंबर काढून दिला. तीन वर्षं तो चष्मा तुमच्यासमोर लावला, त्याने डोकं दुखायचं, तेही सोसलं, आणि वाटायचं की शिक्षा भोगते आहे. कसली शिक्षा! नुसतं नाटक. इथे आले त्या दिवसापासून तो खणात पडलाय.

बदली झाली असं मी सांगितलं. झाली नाही, मागून घेतली. दर भेटीत जावईबुवा तो विनोद करायचे, "आमची बायको म्हणजे ताईंच्या मागच्या चाकाला डिंक लावून चिकटलेली, पडणार नाही तर काय?" सगळे हसायचे. तूही हसायचीस आणि मनगट पदराखाली घ्यायचीस. एकदा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझाच मूर्खपणा, ताईला उगाच आयुष्यभराची धास्ती लावली." मी त्या वेळी चहाचे कप गोळा करत होते. कप घेऊन आत गेले. मला तिथेच थांबून बोलता आलं असतं. असे प्रसंग मोजले तर पंधरा-वीस तरी निघतील. प्रत्येक वेळी काही ना काही उचलायला होतंच.

तू बेतून कापलेला कपडा अंगावर कधी ओढला जायचा नाही. शिवणघराच्या बाई म्हणायच्या की तुझ्या कात्रीला डोळे आहेत. आता तू तिथेच मापं घ्यायच्या टेबलावर बसतेस आणि दुसरीने कापलेलं बघून गप्प राहतेस. मागच्या वर्षी मी न्यायला आले होते तेव्हा पाहिलं. तू एका चुकलेल्या काखेवरून बोट फिरवलंस. ते मी केलेलं आहे. त्यात तुझा काडीचा दोष नाही. सायकल चालवायला तू घाबरतेस, कडेला घेतेस, स्वतःला धांदरट म्हणवतेस, तेही मीच केलेलं.

रस्ते खरंच चांगले आहेत. जलवाहिनीच्या कडेला सकाळी सातला गेलं की सहा किलोमीटरमध्ये माणूस भेटत नाही. मी प्रत्येक रस्ता तुझ्या हिशेबाने बघत होते. इथे बुटकीला वळण जमेल, इथे तिला उतरून ढकलावी लागेल. तू यावंस म्हणून शोधत होते आणि तू येते म्हणालीस तेव्हा घाबरले. कारण तू पुन्हा माझ्या पाठीकडे बघत विश्वासाने चालवली असतीस आणि मला ते झेपलं नसतं.

माफ कर असं मी लिहीत नाही. तू लगेच करशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मग मी पुन्हा सुटेन. आधी चीड. पोटभर चीड. फेब्रुवारीत यायचं की नाही, किंवा कधीच यायचं की नाही, ते त्यानंतर ठरव. आली नाहीस तर का आली नाहीस ते मी कोणालाही विचारणार नाही.

एकच काम सांगते. हे पत्र जावईबुवांना वाचायला दे आणि आईला सगळं मोठ्याने वाचून दाखव, चिडचिडीचं आणि चष्म्याचंसुद्धा. मी फोन करूनही सांगू शकले असते. पण तिकडून कोणीतरी म्हणालं असतं, "जाऊ दे गं, झालं ते झालं," आणि मी जाऊ दिलं असतं.

माझ्यावर लोभ होता, त्यातला थोडा तरी उरावा.

ताई