स्वयंपाकघराच्या कोपऱ्याखाली

१४ नोव्हेंबर, मंगळवार

चि. धाकटीस,
दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गाय व्यायली, बरं झालं. माझा गुडघा कुरकुरतो, पण गुरांच्या बाजारात अजून मला कोणी गंडवत नाही. नऊ वर्षांत मी तुझ्याकडे एकदाही मुक्कामाला राहिलो नाही, असं लिहितेस. खरं आहे. दर वेळी काहीतरी निमित्त काढलं.

खालच्या गोठ्यात भेग पडल्याचं वाचलं आणि तडक नकाशांच्या कचेरीत गेलो. नव्या नकाशात आपल्या डोंगराचे सगळे चढउतार आहेत, पण खाण बंद झाली तशा बोगद्यांच्या खुणा गाळून टाकल्यात. तिथल्या बाईंनी खाण चालू असतानाचा नकाशा काचेच्या टेबलावर पसरला, वर नवा ठेवला, खालून दिवा लावला. मी बोट पुढे केलं.

"हात मागे. घर कुणाचं शोधताय?"

"बहिणीचं."

"मग खुर्ची घ्या. उभ्याउभ्या नाही व्हायचं."

आता ऐक. पाया खणताना तुझ्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मेहुण्यांची पहार पोकळ वाजली होती. त्यांच्या ध्यानात आलं नाही. मी मात्र खाणीत दहा वर्षं पहारेच्या आवाजावर जीव वाचवलेला माणूस. त्यांनी विचारलं, "दादा, जमीन कशी आहे?" मी म्हणालो, "पक्की आहे. बांधा."

नाही म्हटलं असतं, तर तुम्ही लांबच्या शहरात बिऱ्हाड केलं असतं. मला आपलं माणूस जवळ हवं होतं. पुढे तोंड उघडायची हिंमत झाली नाही, आणि त्या छपराखाली डोळा लागला नसता.

तर, कोपऱ्याखाली बोगदा नाही. खाणीची पाण्याची टाकी आहे, कमरेइतकी खोल, वर फरशी टाकून माती लोटलेली. भरून घेणं दोन दिवसांचं काम. बोगदा घरापासून शंभर पावलं दूर, खालच्या गोठ्याखालून जातो. बाईंनी दोनदा मोजलं, मी तिसऱ्यांदा मोजायला लावलं.

तुझी पोरं ज्या जमिनीवर वाढली ती, टाकी सोडली तर, पक्की निघाली, यात माझं कर्तृत्व शून्य. पत्र मेहुण्यांना वाचून दाखव. काय म्हणायचं ते म्हणोत. बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी गुरं आजच्या आज तिथून हलव.

नऊ वर्षं गप्प राहिलेला,
तुझा दादा